मान न हलवणारी वहिनी

आमच्या वहिनीसमोर बसून तुम्ही सांगा, की बाई गं, घराला आग लागलीय. ती तुमच्याकडे शांतपणे बघेल, डोळ्याची पापणी जेवढी लवायची तेवढीच लववेल आणि म्हणेल, "अजून काही?"

मी तिला पुतळाबाई म्हणते. धाकट्या भावाची बायको असली तरी तोंडावर वहिनी, आणि पाठीमागे पुतळाबाई. तोंडावरही म्हणते कधीकधी, काही फरक पडत नाही. हसली तर तो पुतळा कसला!

पण ही बाई जन्मतः अशी नव्हती हो. लग्न करून आली तेव्हा इतकी मान डोलवायची, की मला वाटायचं हिच्या मानेत स्प्रिंग बसवलीय. मी काही सांगायला लागले की माझं वाक्य संपायच्या आधी हिचं "हो ना ताई, अगदी ताई, बाई बाई!" सुरू. अशा माणसासमोर बोलायला काय मजा येते! मी तर तासन्‌तास बोलायची. मग हिला नोकरी लागली आणि आमचं ते सुख गेलं.

नोकरी अशी, की एक संस्था आहे, बँकेच्या वरच्या मजल्यावर. बाहेरून, दुसऱ्या देशांतून जी माणसं इथं कामाला येतात त्यांच्यामुळे इथल्यांच्या कामाचं, पगाराचं काय होतं, वाढतात, घटतात का तसेच राहतात, ते तिथं मोजतात. त्यासाठी घरोघर जाऊन विचारावं लागतं. तेच आमच्या वहिनीचं काम. ठरलेली घरं, दरवर्षी तीच. अर्धी आमच्या जुन्या वसाहतीतली, अर्धी कारखान्यामागच्या त्या उंच इमारतींमधली, जिथं सगळे बाहेरून आलेले राहतात. काम होतं का, किती होतं, कसलं होतं, घरात कोण कमावतं. विचारायचं, टॅबवर भरायचं, निघायचं.

आणि मान हलवायची नाही.

हा त्यांचा कायदा. संस्थेच्या मॅडमनी तिला पहिले काही दिवस आरशासमोर बसवलं होतं, खोटं नाही सांगत. समोर एक बाई बसून कायकाय बोलायची आणि वहिनीनं आरशात स्वतःची मान बघायची. का, तर समजा कुणी म्हणालं, "ह्या लोकांनी आमचं काम खाल्लं," आणि तुम्ही सहज मान हलवली, तर तो माणूस पुढचं उत्तर आणखी तिखट करून देतो. तुम्ही कपाळाला आठी घातली, तर तो घाबरून उत्तरात पाणी घालतो. मॅडम म्हणायच्या, "मग आपण त्या माणसाची हकीकत मोजत नाही, आपल्याच मानेची मोजतो."

मला पटलं ते. पण म्हणून घरी पण? घरी येऊन चपला काढल्या की मान पण सैल सोडावी ना! ती काही सुटली नाही. दिवसभर जिने चढउतार करून ही घरी यायची, खुर्चीत बसायची, पाय बादलीत, आणि चेहरा तसाच, ऑफिसातला. मी म्हटलं, "अगं, हा इथं ठेव काढून, मी धुऊन वाळत घालते." तर म्हणाली, "ताई, रोज घालून काढायला मला जमत नाही. दमायला होतं."

आता ह्या पुतळ्याचा नवरा कसा असावा? माझा भाऊ म्हणजे अखंड रेडिओ. फरशी बसवणारा मिस्त्री, हात सोन्याचा. ह्या गावातल्या निम्म्या बाथरूममधल्या टाइल्स ह्यानं बसवल्यात आणि प्रत्येक बाथरूमची कथा त्याला पाठ. पण गेली काही वर्षं काम कमी झालं. एक तर गुडघे गेले, आयुष्यभर जमिनीवर बसून दुसरं काय होणार! आणि दुसरं म्हणजे उंच इमारतींमधली पोरं तेच काम कमी रोजात करतात. ह्यातलं जास्त कशामुळे, ते देवाला ठाऊक. माझ्या भावाला मात्र पक्कं ठाऊक. गुडघ्याचं नाव तो घेत नाही. गुडघ्याविरुद्ध सभा भरवता येत नाही ना!

तर सभा भरत होत्या. बाहेरून येणाऱ्यांवर मर्यादा घालायचा कायदा येऊ घातला होता, त्यावर मतदान होतं. वसाहतीत 'आधी आपली माणसं' म्हणणारी एक संघटना निघाली. तिचा अध्यक्ष हुशार माणूस, माझ्या भावाला पहिल्या रांगेत बसवायचा. आमचा धाकटा घरी येऊन सगळं भाषण पुन्हा वहिनीला ऐकवायचा. ती ऐकायची. ना हो, ना नाही. शेवटी "अजून काही?" आणि ताट वाढायला उठायची.

एका संध्याकाळी सभेला मीही गेले. तिथल्या खुर्च्या मऊ आहेत, दुसरं काही नाही. तर मधेच अध्यक्षानं आमच्या धाकट्याला माइकवर बोलावलं. हा उठला, कॉलर सारखी केली, आणि चांगलं बोलला हो सुरुवातीला. स्वतःच्या हाताचं बोलला, रिकामं बसून काढलेल्या दिवसांचं बोलला. मला भरून आलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. आणि टाळी म्हणजे काय चीज आहे ते तुम्हाला माहिती आहे. एक मिळाली की माणसाला दुसरी हवी.

"माझी स्वतःची बायको त्या संस्थेत आहे," हा म्हणाला. "घरोघर जाते. ह्यांच्या घरात पण आणि आपल्या पण. तिनं सगळं डोळ्यांनी बघितलंय. ती पण हेच म्हणते!"

अशी टाळी पडली म्हणता! मी मात्र खुर्चीत बसल्या जागी गार. म्हटलं, गेलास रे बाबा कामातून.

मी त्यांच्या घरी पोचेपर्यंत त्या भाषणाचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ वहिनीच्या फोनवर पोचला होता. ती टेबलाशी बसलेली, पाय बादलीत. हा हसतमुखानं आत आला.

"मी काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"कधी?"

"ते तुम्ही सांगा. मी कधी म्हणाले आणि काय म्हणाले?"

"अगं, मी तुला सगळं सांगत होतो की नाही इतके दिवस? तू कधी एका शब्दानं म्हणालीस, की हे चूक आहे?"

"नाही."

"मग! पटत नसतं तर बोलली नसतीस? बायको आहेस माझी. बायका बोलतात!"

"मी कुणालाच काही बोलत नाही," ती म्हणाली. "ते माझं काम आहे."

"मी काय सर्व्हेतलं घर आहे?"

ह्यावर वहिनीनं त्याच्याकडे बघितलं. तो चेहरा मी कधी विसरणार नाही. राग नव्हता. नुसती दमलेली होती ती, वर्षानुवर्षांची. मला वाटलं आता तरी ओरड बाई, एक ताट तरी आपट. तर तिनं बादलीतून पाय काढले, पुसले, आणि म्हणाली, "परवापासून फेरी सुरू होतेय माझी. आता दारं कोण उघडणार?"

आणि झालं तसंच. मी वसाहतीतच राहते, माझ्या डोळ्यांसमोर घडलं. आमच्या जिन्यावर एक वायरमन आहे. दरवर्षी वहिनी आली की हा दारातच उभ्याउभ्या तुटक उत्तरं देणारा माणूस. ह्या वेळी त्यानं खुर्ची काय पुसली, चहा काय मागवला! "या वहिनी, या! आपलंच माणूस तुम्ही! लिहा, वर्षभर काम नाही. किती दिवस? शून्य लिहा. अजून वाईट काही लिहिता येतं का?" आख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात. आणि त्याच्या शर्टाच्या खिशात टेस्टर, हातात गाडीची किल्ली, कामावरून नुकताच येत होता मेला. "असं सगळ्यांसमोर नाही भरता येत, पुन्हा येईन," म्हणून वहिनी निघाली.

आणि तिकडे उंच इमारतींमध्ये तोच व्हिडिओ फिरलेला, दारंच उघडेनात. एक शिंपीण आहे तिथं, तिसऱ्या मजल्यावर. तीन वर्षं वहिनीला आत बसवून उत्तरं देणारी. तिनं दाराची साखळी काढली नाही. फटीतून म्हणाली, "घरात कोणी नाही." आणि आतून मशीनचा आवाज चालू.

वहिनीनं स्वतःच जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. मी सोबत गेले. तिला आधार म्हणून, आणि मॅडमना एकदा बघायचं होतं म्हणून. मला वाटलं होतं कुणीतरी रुबाबदार बाई असेल. तर ही वाळलेली, केस कसेतरी बांधलेले, गार झालेला चहा समोर, आणि तोच पुन्हा तोंडाला लावतेय. दोन्हीकडचे लोक तिला शिव्या घालतात म्हणे. एक बाजू म्हणते घरभेदी, दुसरी म्हणते दगडाच्या काळजाची.

मी विचारलं, "मॅडम, पण शेवटी काय निघालं हो? त्या लोकांमुळे आमचं नुकसान होतं, की नाही?"

"काही कामांचं वेगळं दिसतंय, काहींचं वेगळं. अजून मोजतोय."

"आणि मोजून झालं की? कायदा करावा का नको, ते सांगाल ना?"

"ते नाही सांगणार. काय घडतं ते मी सांगेन. काय करायचं ते तुम्ही सगळ्यांनी ठरवायचं."

"अहो मग एवढं शिकलात कशाला!" मी म्हटलं. वहिनीनं टेबलाखालून मला पाय मारला. बघा, पायानं बोलता येतं हिला.

मॅडमनी सरळ सांगितलं. तीच घरं दरवर्षी, ह्यालाच सगळी किंमत. ह्या वेळी दारं उघडली नाहीत, तर हा भाग सोडून द्यावा लागेल. भाग सुटला की वहिनीची जागाही सुटली. आणि तिनं इतकी वर्षं जिने चढून जी ओळख केली, ती पण गेली. "दुसरीकडे घ्यायला माझ्याकडे जागा नाही," मॅडम म्हणाल्या, आणि पुन्हा त्या गार चहाचा घोट घेतला.

दुसऱ्या दिवशी एक वकीलबाई आल्या घरी. बाहेरून आलेल्यांच्या बाजूनं काम करणाऱ्या. गोड बाई, हुशार, मला आवडली. म्हणाली, "वहिनी, आमच्या सभेला या. एवढंच सांगा, की नवरा खोटं बोलला. आणि ही माणसं किती कष्टाची आहेत ते तुम्ही स्वतः बघितलंय, तेवढं सांगा. उद्या तिकडचं प्रत्येक दार उघडतं की नाही बघा!"

"आणि वसाहतीतलं?"

"ते जाऊ द्या हो."

"मग मोजायला निम्मीच माणसं उरली की."

"पण तुमचं मन कुणाच्या बाजूनं आहे? खरं सांगा."

"अजून काही?" वहिनी म्हणाली. वकीलबाईंनी पर्स उचलली.

त्या गेल्यावर मी तिला धरलंच. "अगं, मला तरी सांग. मी काय सभा घेतेय? तुला काय वाटतं?"

तिनं वकीलबाईंची खुर्ची परत टेबलाखाली सरकवली. मग म्हणाली, "वाटतं हो ताई. रोज वाटतं. एका घरातून निघताना एक वाटतं, दुसऱ्या घरातून निघताना दुसरं. ते सगळं घेऊन मी जिना उतरते, आणि पुढच्या दारापाशी ते खाली ठेवावं लागतं. दर वेळी. चढण्यापेक्षा त्यानंच जास्त दमायला होतं."

इतकं एका दमात ही बाई कित्येक वर्षांत बोलली नव्हती. आमचा धाकटा आतल्या खोलीत होता, त्यानं ऐकलं. बाहेर येऊन दारात उभा राहिला.

"मी काय करू मग?" म्हणाला. "माझं मत बदलू?"

"तुमचं मत तुमच्याजवळ राहू द्या. त्यातून माझं नाव काढा."

"भर सभेत? लोक हसतील मला!"

ती ताट वाढायला उठली. आणि ह्या वेळी तिनं बोलायची गरजही नव्हती.

गेला बिचारा अध्यक्षाकडे. म्हणाला, मला दोन मिनिटं माइक द्या, एक चूक दुरुस्त करायचीय. अध्यक्षानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मतदान तोंडावर आलंय मिस्त्री. आता दुरुस्त्या नकोत. वहिनींचं आपण नंतर बघू." आणि त्या दिवसापासून पहिल्या रांगेत दुसराच कुणी बसायला लागला.

मग आमच्या ह्या शहाण्यानं काय करावं? स्वतःच निघाला. दारोदार. म्हटलं, गुडघे? म्हणाला, असू दे. मी मागून निघाले, कारण हा एकदा बोलायला लागला की कुठं थांबेल ते ह्यालाही माहीत नसतं.

त्या उंच इमारतीत लिफ्ट आहे, पण ती नुसती दाखवायला. तिसऱ्या मजल्यापर्यंत हा कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढला. शिंपिणीचं दार साखळीपुरतं उघडलं.

"मी तिचा नवरा. सभेत बोललो तो."

फटीतून एक डोळा बघत होता.

"तिनं मला काही सांगितलेलं नाही. तुमच्या घरचं नाही, कुणाच्याच घरचं नाही. मी आपली फुशारकी मारली."

"म्हणजे आम्ही इथं राहिलेलं आता चालतं तुला?" शिंपीण आमची भाषा तोडकीमोडकी बोलते, पण प्रश्न बघा कसा नेमका.

मी ह्याला कोपरानं ढोसलं, की हो म्हण रे, हो म्हणायला काय जातं! तर हा म्हणतो, "नाही. माझं मत तेच आहे. कायदा व्हायला पाहिजे. पण ते माझं आहे, तिचं नाही."

मी कपाळावर हात मारला. फटीतला डोळा एकदा त्याच्या पायांकडे गेला. मग साखळी निघाली.

"'तुम्ही लोक फार चांगले' म्हणाला असतास, तर दार लावलं असतं मी," ती म्हणाली. आणि आतून एक स्टूल आणून ह्याच्यासमोर ठेवलं. "बस. पाय सुजलाय तुझा."

बसला. ह्यानं तिच्या उंबऱ्यातली एक सुटलेली टाइल बघितली आणि ती कुणी बसवली, कशी चुकीची बसवली, ते सांगायला लागला. मी ओढून काढला तिथून.

वसाहतीत मात्र त्याचे हाल झाले. आपल्याच माणसांनी केले. "काय मिस्त्री, बायकोनं रात्रभर उभं केलं का कोपऱ्यात?" "किती मिळाले हो पलीकडून?" वायरमननं तर ऐकूनच घेतलं नाही, दार तोंडावर लावलं. ज्याच्याबरोबर वीस वर्षं कामं केली, त्यानं. हा घरी येऊन पडला तो उठला नाही. एका गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी, दुसऱ्यावर उशी. रेडिओ बंद.

आणि आता पुढचं ऐका, हसावं का रडावं ते तुम्हीच बघा.

मॅडम स्वतः घरी आल्या, त्याला भेटायला. हा उशीवरून अर्धा उठला. "मॅडम, एक दार सोडलं नाही! सगळ्यांना जाऊन सांगितलं."

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. "प्रत्येक घरी गेलात?"

"प्रत्येक!"

"फेरी चालू असताना? आणि ह्याच विषयावर बोललात?"

"तर! तुमचं मत तुमचं, माझं मत माझं, असं व्यवस्थित समजावून."

मॅडम खुर्चीत बसल्या, हात तोंडावर ठेवला आणि हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दमलेली माणसं हसतात तसं. मग म्हणाल्या, "मिस्त्री, आमच्या आधी दारावर जाऊन कुणी ह्या गोष्टीवर बोलायचं नाही, ह्याचीच तर सारी काळजी. तुम्ही मनापासून केलंत. पण ह्या भागातली यंदाची उत्तरं आता मला हिशेबात धरता येणार नाहीत. का धरली नाहीत तेही छापावं लागेल. त्यावर एक बाजू म्हणेल आम्ही लपवतोय. दुसरीही तेच म्हणेल."

"म्हणजे माझे गुडघे फुकट गेले?"

"नाही. दारं उघडतील, असं दिसतंय. भाग राहील." मग त्या वहिनीकडे वळल्या. "पण फेरी पूर्ण करावी लागेल. यंदा धरायची नसली, तरी. एक वर्ष कुणी गेलंच नाही, तर पुढच्या वर्षी ही घरं आपली राहत नाहीत."

मी म्हटलं, "अहो, म्हणजे सगळे जिने चढायचे, सगळं विचारायचं, लिहायचं, आणि ते बाजूला ठेवून द्यायचं?"

"हो," मॅडम म्हणाल्या. त्यांना सांगताना बरं वाटत नव्हतं, दिसत होतं.

धाकटा म्हणाला, "माझी चूक, आणि चढायचं हिनं?"

वहिनी उठली. बॅगेत टॅब टाकला, पाण्याची बाटली भरली. "किती घरं राहिलीत माझी?" तिनं मॅडमना विचारलं, आणि उत्तर ऐकून नुसता श्वास सोडला. नवऱ्याला म्हणाली, "पिशवी गार झाली की ताईंना फोन करा, मला नको. मी वसाहतीतून सुरुवात करते."

मीही तिच्याबरोबर बाहेर पडले. घरी जायचं होतं, पण आमच्या जिन्याखालच्या बाकावर जरा टेकले. वर ती चढत होती, एकेक मजला. एका दारात काहीतरी बोलणं झालं, पुढच्यात पण झालं. मग वायरमनच्या दाराची बेल वाजली.

आत टीव्ही चालू होता, तो बंद झाला. पावलं दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

बेल पुन्हा वाजली. एकदाच, बेताची. मग वरून वहिनीचा आवाज आला, नेहमीचाच, वर नाही खाली नाही. "मी आहे. दरवर्षीची. सवडीनं उघडा, मी थांबते."